बंदूक जिथे अंगाला भिडते

अमेरिकेत बंदूक दुरुस्तीच्या बाकावर एक रायफल सतत येते-जाते. स्टर्म रुगर कंपनीची १०/२२. बाजारात आली १९६४ साली, आजवर पन्नास लाखांहून जास्त विकली गेली. तिच्यात पॉइंट टू टू लाँग रायफल हे छोटे, स्वस्त काडतूस चालते आणि ती अर्ध-स्वयंचलित आहे. म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. रिकामी पुंगळी बाहेर फेकून पुढचे काडतूस नळीत चढवण्याचे काम रायफल आपले आपण करते. मुलांना नेमबाजी शिकवायला, खारी-सशांच्या शिकारीला, रविवारी डब्यांवर नेम धरायला अमेरिकन घरांत हीच असते. आणि घरी बसून जिच्यात फेरफार केले जातात तीही बहुधा हीच. नळी, दस्ता, चाप, बोल्ट, मॅगझिनचा खटका असा तिचा एकही भाग नसेल ज्याला पर्यायी सुटा भाग विकत मिळत नाही. मूळ कारखान्याचा एकही तुकडा न वापरता अख्खी १०/२२ जुळवता येते, आणि तशी जुळवणारे लोक आहेत. बंदूक दुरुस्तीच्या या कामात राहून माझे एक मत पक्के झाले आहे. नवशिक्या किंवा मध्यम नेमबाजाच्या हाती खरा फरक पाडणारे घरगुती बदल जवळजवळ सगळे रायफल अंगाला भिडते तिथे असतात: खांदा, गाल, डोळा, डावा दंड, उजव्या हाताची बोटे. रायफलीच्या पोटात केलेल्या बदलांवर पैसा जास्त जातो, पण त्यांतून निष्पन्न होते ते बहुतेकदा समाधानच.

पोटात हात घालावासा वाटतो याचे कारण या रायफलीच्या रचनेत आहे. बहुतेक रायफलींची नळी रिसीव्हरमध्ये, म्हणजे रायफलीच्या मधल्या सांगाड्यात, आटे पाडून घट्ट पिळलेली असते; ती काढायला शिकंजा, खास पाना आणि अनुभव लागतो. १०/२२ ची नळी रिसीव्हरमध्ये नुसती सरकवलेली असते आणि इंग्रजी व्ही आकाराचा एक ठोकळा दोन स्क्रूंनी तिला आत ओढून धरतो. ॲलन पाना असला की नळी पाच मिनिटांत हातात. दस्त्यातून रिसीव्हर सुटतो एका स्क्रूने, आणि कार्बाइन या साध्या नमुन्याला पुढे एक कडी असते ती ढिली केली की झाले. चापाचा अख्खा संच दोन आडव्या पिनांवर लटकलेला असतो. त्या पिना इतक्या सैल की रायफल दस्त्याबाहेर काढून आडवी केली तर कधी कधी आपोआप टेबलावर पडतात. कंपनीचे एक संस्थापक बिल रुगर यांना उत्पादन सोपे आणि स्वस्त करायचे होते, म्हणून ही रचना. पण जे कारखान्यात जोडायला सोपे ते घरी उघडायलाही सोपे, आणि जे उघडायला सोपे ते बदलायलाच हवे असा माणसाचा ग्रह होतो. सुटते कसे हे कळले म्हणजे चालते कसे हे कळले, असे नव्हे. बाकावर येणाऱ्या बिघडलेल्या रायफलींपैकी बऱ्याच याच गैरसमजातून आलेल्या असतात.

मत मांडले की पुरावा द्यावा लागतो. ॲपलसीड नावाचा नेमबाजी प्रशिक्षणाचा उपक्रम अमेरिकेत २००६ पासून चालतो, आणि त्याच्या मैदानावर १०/२२ ठिकठिकाणी दिसते. तिथल्या चाचणीत २५ मीटरवरून चाळीस गोळ्या झाडायच्या असतात. लक्ष्ये आकाराने लहान करून चारशे यार्डांपर्यंतच्या अंतरांचा आभास निर्माण केलेला असतो. अडीचशेपैकी दोनशे दहा गुण मिळाले की माणूस रायफलमन ठरतो. या पातळीला लागणारी अचूकता कोनाच्या हिशेबात साधारण चार मिनिटांची, म्हणजे २५ मीटरवर सुमारे २९ मिलिमीटरच्या वर्तुळात गोळ्या पडल्या पाहिजेत. दुकानातून आणलेली, काहीही न बदललेली १०/२२ टेकणीवर ठेवून साध्या काडतुसांनी झाडली तर एवढी अचूकता सहसा देते. रायफलीची बाजू इथेच भागते. उरलेला प्रश्न माणसाचा: तो उभा राहून दोन मिनिटांत दहा गोळ्या झाडतो तेव्हा किती डुलतो; उभ्याचा बसता होऊन पंचावन्न सेकंदांत दोन गोळ्या एका मॅगझिनमधून आणि आठ दुसऱ्यातून झाडताना त्याची मांड मोडते का; मॅगझिन बदलून गाल पुन्हा त्याच जागी येतो का. महागडी जाड नळी यातला एकही प्रश्न सोडवत नाही. उलट तिचे वजन पुढच्या टोकाला पडते आणि उभ्याने झाडणाऱ्या नवख्याचा डावा हात लवकर थकतो.

दस्त्याची लांबी घ्या. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचे अंतर कारखाना साडेतेरा इंच ठेवतो. मध्यम उंचीच्या पुरुषाला, पातळ शर्टावर, ते बसते. बारा वर्षांच्या मुलीला किंवा पाच फूट उंचीच्या बाईला ती रायफल म्हणजे थोरल्या भावाचा कोट. हात पुरत नाही म्हणून खांदा मागे जातो, पाठ मागे कलते, आणि नळीचे वजन सांभाळायला कंबर पुढे येते. असा नेमबाज कितीही सराव करो, तो सराव वाकडेपणाचाच होतो. उपाय अगदी साधा: आखूड दस्ता, किंवा ज्याच्या मागे चकत्या घालून लांबी कमी-जास्त करता येते असा दस्ता. दोन स्क्रू आणि दहा मिनिटे. थंडीत जाड जाकीट घातले की तीच चकती काढायची. गालाचेही तसेच. साध्या कार्बाइनचा दस्ता उघड्या साइटसाठी घडवलेला असतो, आणि या साइट नळीच्या अगदी जवळ असतात. दुर्बीण बसवली की डोळा इंचभर वर न्यावा लागतो. मग गाल लाकडाला टेकत नाही, हनुवटी टेकते, आणि दर गोळीला डोळा वेगळ्या जागी जातो. दुर्बीण हजार डॉलरची असली तरी डोळा हलला की नेम हलतो. दस्त्यावर दाट फोमची पट्टी ठेवून वर कापडी चिकटपट्टी गुंडाळली की गालाला उंची मिळते. दिसायला गबाळे, पण उपयुक्त. बोल्ट मागे-पुढे होताना त्याची मूठ पट्टीला घासत नाही ना, एवढे रिकाम्या रायफलीवर पाहून घ्यायचे.

तिसरी गोष्ट पट्टा, म्हणजे स्लिंग. बहुतेकांना तो रायफल खांद्यावर अडकवायची सोय वाटतो. अमेरिकी लष्कराचा १९०७ नमुन्याचा चामडी पट्टा किंवा पुढे आलेला सुती पट्टा हे मुळात नेमबाजीचे साधन आहे. पट्ट्याचा फास डाव्या दंडाला वर आवळायचा, पट्टा मनगटाला वळसा देऊन रायफलीच्या पुढच्या कडीपर्यंत ताणायचा. असे केले की रायफलीचे वजन स्नायूंवर न राहता हाडांवर येते. स्नायू थरथरतात, हाडे थरथरत नाहीत. बसून किंवा पालथे पडून झाडताना फासाचा पट्टा नवख्याच्या गोळ्यांचा पसारा डोळ्यांदेखत आकसवतो. बाजारातला दुसरा कोणताही सुटा भाग इतक्या पैशांत एवढे काम करत नाही. त्यासाठी लाकडी दस्त्याला खालून दोन भोके पाडून कड्यांचे स्क्रू बसवावे लागतात. भोक स्क्रूपेक्षा बारीक, आणि स्क्रूच्या आट्यांना मेण लावायचे, नाहीतर लाकूड चिरते.

हा विचार अमेरिकेपुरताच आहे असे कुणाला वाटत असेल तर कोल्हापूरकडे पाहावे. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात हेच पॉइंट टू टू लाँग रायफल काडतूस वापरतात. रायफल अर्थातच वेगळी असते: हाताने बोल्ट चालवायचा, एका वेळी एक काडतूस भरायचे. लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचे. तसल्या स्पर्धेची रायफल जवळून पाहिली तर नळी आणि बोल्ट साधेसुधेच वाटतात, आणि डोळ्यांत भरतात ते दस्त्यावरचे सरकते भाग: गालाची पट्टी वर-खाली, मागची पट्टी पुढे-मागे आणि तिरपी, हाताची मूठ, पट्ट्याची कडी सरकवायची पन्हळ. गुडघ्यावर, पालथे आणि उभ्याने झाडताना त्या जागा बदलतात, कारण तिन्ही वेळा शरीर वेगळे असते. जगातले सर्वोत्तम नेमबाज ज्या जागी पाना फिरवतात, त्याच जागा घरच्या नेमबाजाने आधी पाहाव्यात, एवढेच माझे म्हणणे आहे.

बोटांचा विषय थोडक्यात. जुन्या १०/२२ ला मॅगझिन सोडवायचा खटका दस्त्यात रुतलेले बारीक बटण होते. थंड बोटांनी किंवा हातमोजे घालून ते दाबणे म्हणजे शिक्षा. लोकांनी घरी लांब खटका बसवायला सुरुवात केली, आणि पुढे कारखान्यानेच लांब खटका देऊ केला. अंगाशी भिडणारा बदल योग्य असला की उत्पादकालाही तो पटतो, याचे हे उदाहरण. बोल्टच्या मागे आदळणाऱ्या पोलादी पिनेच्या जागी पॉलियुरेथेनची पिन घालण्याचा बदलही लोकप्रिय आहे. तिने खडखडाट कमी होतो, नेम सुधारत नाही. खडखडाट नकोसा असेल तर जरूर घालावी.

सर्वांत स्वस्त बदलाला तर पानाही लागत नाही. काडतूस बदलणे. याला कुणी बदल मानत नाही, कारण त्यात पेटीतून काही नवे चमकदार निघत नाही. एकाच रायफलीला एका ब्रँडचे काडतूस आवडते आणि दुसऱ्याचे नाही. एकाच ब्रँडच्या दोन उत्पादन-तुकड्यांतही फरक पडतो. ऑलिंपिक नेमबाज म्हणूनच तुकड्यांची चाचणी करून एकाच तुकडीची काडतुसे साठवतात. जास्त वेगाची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ३८० मीटरने निघते आणि शंभर यार्ड गाठेपर्यंत ध्वनीच्या वेगाखाली उतरते. ती सीमा ओलांडताना गोळीचा तोल ढळू शकतो. सुमारे ३२५ मीटर वेगाची साधी गोळी आधीपासूनच त्या सीमेखाली असते. मात्र फार हळू काडतूस घेतले तर अर्ध-स्वयंचलित रायफलीचा बोल्ट पुरेसा मागे जात नाही आणि पुंगळी अडकते. म्हणून चार-पाच प्रकारची एकेक पेटी आणून कागदावर झाडून पाहणे हेच शहाणपण. लोक त्याऐवजी नळी बदलतात.

बदल उपयोगी पडला की नाही हे ठरवतात कसे, इथे तर सगळ्यात जास्त फसगत होते. नवा भाग बसवला, तीन गोळ्या झाडल्या, तिन्ही एकमेकींना चिकटल्या, की भागाची कीर्ती पसरली. तीन गोळ्यांचा पसारा हा योगायोगाचा खेळ आहे. कशालाही हात न लावता त्याच रायफलीने लागोपाठ तीन-तीन गोळ्यांचे गट झाडले तर एक गट दुसऱ्याच्या दुप्पट निघणे मुळीच विशेष नाही. गोळ्या वाढवल्या की पसारा वाढतोच. दहा गोळ्यांचा गट सरासरीने तीन गोळ्यांच्या गटाच्या दीडपटीहून थोडा मोठा असतो, रायफल तीच असली तरी. म्हणजे आधी दहा गोळ्या आणि बदलानंतर तीन गोळ्या झाडणाऱ्याला काहीही न बदलता सुधारणा दिसेल. एका वेळी एकच बदल, त्याच काडतुसांनी, त्याच अंतरावर, आधी आणि नंतर दहा-दहा गोळ्यांचे किमान चार-पाच गट. यापेक्षा कमी पुराव्यावर बोलणे म्हणजे भाग विकणाऱ्याची जाहिरात फुकटात करणे. अंगाशी भिडणाऱ्या बदलांचा फायदा असा की ते इतक्या बारीक मोजणीवर अवलंबून नसतात. पट्टा न लावता आणि लावून बसून झाडलेले दोन कागद शेजारी ठेवले की फरक सांगावा लागत नाही.

माझ्या म्हणण्याला सर्वांत वजनदार आक्षेप चापाचा आहे, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. साध्या १०/२२ चा चाप ओढायला पाच-सहा पौंडांचा जोर लागतो, आणि रायफलीचे वजन पाच पौंडांच्या आसपास. जेवढे रायफलीचे वजन तेवढाच किंवा जास्त जोर एका बोटाने लावायचा, आणि तोही ती न हलवता. चाप हलका झाला तर नेम सुधारतो हे खरे आहे. आणि चाप हाही बोटाला भिडणाराच भाग; तेव्हा तो माझ्या नियमात बसतो, बाहेर पडत नाही. भांडण फक्त तो बदलायचा कसा यावर. कारखाना स्वतःच पावणेतीन पौंडांच्या आसपासचा अख्खा संच विकतो. दोन पिना काढल्या की जुना बाहेर, नवा आत, मूळ संच कपाटात. हा घरचा बदल ठीक आहे. पण आतल्या पकडीच्या पृष्ठभागांवर कानस आणि पॉलिश पेपर घेऊन बसणारे लोक आहेत, आणि त्यांना मी सरळ नको म्हणतो. त्या पृष्ठभागांचे कोन केसाएवढ्या फरकाने बिघडतात. पोलादाचा कडकपणा अनेकदा फक्त वरच्या पातळ थरात असतो. तो घासला गेला की खालचा मऊ धातू प्रत्येक गोळीला झिजत जातो. बाकावर आज बरी चाललेली रायफल दोन महिन्यांनी जमिनीला टेकवताना सुटू शकते, किंवा एका ओढीला दोन गोळ्या सोडू शकते. दुसरी गोष्ट घडली की प्रश्न नेमाचा राहतच नाही. चापाच्या एका क्रियेला एकाहून जास्त गोळ्या झाडणाऱ्या शस्त्राला अमेरिकेचा १९३४ चा राष्ट्रीय कायदा मशीनगन म्हणतो.

दुसरा आक्षेप जास्त चतुर आहे. बाहेरचा, परत काढता येणारा बदल म्हणजे निरुपद्रवी बदल, असे मी गृहीत धरतो आहे का? तसे असेल तर झाडण्याचा वेग वाढवणाऱ्या बम्प स्टॉकचे काय? तोही दस्ताच, खांद्याला भिडणाराच, स्क्रूने बसणारा आणि निघणारा. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये लास व्हेगासला संगीत महोत्सवावर झालेल्या गोळीबारात तो वापरला गेला. साठ माणसे मेली. सरकारने पुढे नियम करून त्याला मशीनगन ठरवले, आणि २०२४ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो नियम रद्द केला, कारण बहुमताच्या मते कायद्याच्या शब्दांत तो बसत नव्हता. मला हा आक्षेप मान्य आहे. परत काढता येणे ही कसोटी पुरेशी नाही, ती फक्त पहिली चाळणी. दुसरी चाळणी हेतूची: बदल नेम सुधारतो की फक्त वेग वाढवतो? बम्प स्टॉक खांद्यावर रायफल स्थिर धरू देत नाही, तो ती मुद्दाम हलवतो. नेमबाजीच्या दृष्टीने तो बिघाड आहे. तिसरी चाळणी कायद्याची, आणि ती मैलागणिक बदलते. न्यूयॉर्क राज्यात २०१३ च्या कायद्यानुसार मॅगझिन काढता येणाऱ्या अर्ध-स्वयंचलित रायफलीला अंगठा घालायच्या भोकाचा दस्ता बसवला तर तेवढ्याने ती निषिद्ध वर्गात जाऊ शकते. शेजारच्या राज्यात हाच लाकडी दस्ता किराणा दुकानाच्या शेजारी मिळत असेल. नळी १६ इंचांपेक्षा आखूड केली तर सगळ्या देशभर वेगळी नोंदणी लागते. भारतात तर हा प्रश्न चर्चेचाच राहत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार दुरुस्ती आणि रूपांतर या गोष्टी परवान्याशिवाय करता येत नाहीत, आणि नळी आखूड करण्याला सहावे कलम आहे. म्हणून पुणे-मुंबईचा वाचक यातले काही हाताने करून पाहणार नाही हे मी धरूनच लिहितो आहे.

तिसरा आक्षेप छंदाचा: माणसाला रायफल उघडून बसायला आवडते, तुम्ही फायद्या-तोट्याचा हिशेब का मांडता? याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि हवेही नाही. टेकणीवर ठेवून मिलिमीटरच्या हिशेबाने झाडणाऱ्यांचा वेगळा खेळ आहे. त्यांना जाड नळी, नळीभोवती दस्त्यात ठेवलेली मोकळी फट, स्क्रूंची मोजून घेतलेली ओढ, सगळे लागते, कारण त्यांच्या रायफलीला माणूस जवळजवळ शिवतच नाही. तिथे माझा नियम आपोआप उलटतो. फक्त रिसीव्हर ॲल्युमिनियमचा आहे हे विसरू नये. दुर्बिणीच्या पट्टीचे स्क्रू जोमाने पिळणाऱ्यांनी त्याचे आटे उडवून आणलेले रिसीव्हर बाकावर नेमाने येतात, आणि तिथे मोजून घट्ट करणाऱ्या पान्याला पर्याय नाही.

एक बदल मात्र माझ्या तिन्ही चाळण्यांना पुरून उरतो, आणि तो मला अजून छळतो. १०/२२ चा रिसीव्हर मागून बंद असतो, म्हणून नळी साफ करायला सळई पुढच्या तोंडातून घालावी लागते. नळीच्या तोंडाची कड हीच गोळीला शेवटचा स्पर्श करते. तिथे सळई वर्षानुवर्षे घासली तर नेम बिघडतो. उपाय म्हणून लोक रिसीव्हरच्या मागच्या भिंतीला भोक पाडतात, म्हणजे सळई मागून सरळ नळीत जाते. बदल पोटातला, कायमचा, परत न घेता येणारा. तरीही त्यामागची कल्पना इतकी रास्त आहे की काही कंपन्यांचे पर्यायी रिसीव्हर हे भोक पाडूनच येतात. भोक नळीच्या अक्षावर नेमके पडले तर आयुष्यभराची सोय, तिरपे पडले तर सळई नळी आतून कोरते. दोरीला बांधलेला ब्रश नळीच्या मागच्या तोंडातून घालून पुढून ओढून काढला तर बराचसा प्रश्न भोकाविनाच मिटतो, म्हणून ड्रिल घेऊन आलेल्याला मी आधी ती दोरी हातात देतो. पण ज्याच्याकडे ड्रिलचा स्टँड आहे, मापे आहेत आणि हात स्थिर आहे, त्याला नको म्हणायला माझ्याकडे ठोस कारण सापडत नाही.